रिकाम्या दिवसाला आधार

स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषधांनी भ्रम ओसरतात. परंतु सकाळी उठून करायचे काय, हा प्रश्न औषध सोडवीत नाही. रुग्ण घरात बसून राहतो आणि त्याच्यासोबत त्याची आईही अडकते. चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली ‘स्कार्फ’ ही संस्था स्थापन केली, ती उपचाराला पुनर्वसनाची जोड देण्यासाठीच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नेही समाजात राहून जगण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला.

हा हक्क प्रत्यक्षात येतो तो दिवसभराच्या केंद्रात. मात्र प्रौढ माणसाला तिथे रंगीत कागद कापत बसविणे म्हणजे सेवा नव्हे. त्याला झेपेल असे खरे काम हवे, त्या कामाचा रास्त मोबदला हवा आणि केंद्राच्या कारभारात त्याचा शब्दही हवा. तो दोन दिवस आला नाही, तर चौकशीला कोणीतरी घरी जायला हवे.

इमारत शासन देईल, अनुदानही देईल. दारात आलेल्याला नावाने हाक मारणारा माणूस मात्र समाजालाच द्यावा लागेल. दया नको, शेजारधर्म पुरेसा आहे.