सुभेदारांची खोली



शहापूर-मुरबाडकडची मंडळी इथं बरीच दिसतात. शेणव्यासारख्या गावात कोटावर बिल्ले लावून पारावर बसलेला म्हातारा पेन्शनर तुम्ही पाहिला असेल. पोरं त्याला ‘सुभेदार’ म्हणून हाक मारतात. पण पलटण सुटल्यावर तो जगला कसा, हे कुणी विचारीत नाही. अशाच एका पेन्शनराची हकीगत सांगतो. तो तुमच्याच परळात, डबक चाळीत राहिला.

रामजी मालोजी सकपाळ. गाव आंबडवे, तालुका मंडणगड. बाप पलटणीत, स्वतःही पलटणीत. लष्करी शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर. ते पेन्शनीत निघण्याच्या सुमारास, १८९२-९३ साली, सरकारने महारांची भरतीच बंद केली. ज्यांच्या रक्तावर फौज उभी राहिली, ते एका हुकुमासरशी लढाऊ नाहीत म्हणे!

मग सुभेदार नोकरीसाठी हिंडले. १९०१ साली ते गोरेगावला खजिनदार होते. त्यांची पोरं साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनात उतरली. अंगात चांगले कपडे. स्टेशनमास्तर प्रेमाने बोलला. जात कळली नि तोंड फिरवलं. दुप्पट भाड्याने बैलगाडी मिळाली, तीही पोरांनीच हाकायची, गाडीवाला पायी चालणार! रात्री जवळ भाकरी होती, पण पाणी कुणी देईना. पोरं उपाशी निजली. सरकारची चाकरी केलेल्या शिपायाची ही पोरं.

धाकट्या भिवाच्या मनात आलं, पळून मुंबईला जावं, गिरणीत पोऱ्या म्हणून लागावं. भाड्यासाठी आत्याची पिशवी चोरली, तर आत निघाला अर्धा आणा! आपण हसतो, पण गिरणीत आला असता तरी विणकाम खात्यात त्याला घेतलं नसतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढायचा, म्हणून तिथं अस्पृश्याला मज्जाव. ही अट मालकापेक्षा आपल्याच माणसांनी जास्त पाळली, हे आज खाली मान घालून कबूल करू. १९२८ च्या संपात भिवाने, म्हणजे डॉक्टर आंबेडकरांनी, हाच सवाल टाकला होता.

१९०४ च्या सुमारास बिऱ्हाड परळला आलं. एकच खोली. तिच्यातच चूल, जातं, सरपण आणि शेळीसुद्धा. निजायला जागा कुठली? पोरगा लवकर निजायचा. म्हातारा दोनपर्यंत जागा राहून त्याला उठवायचा, आणि मग त्या जागेवर स्वतः अंग टाकायचा. रातपाळी तुम्हाला ठाऊक आहे. ही बिनपगारी, नि तीही वर्षानुवर्षे. पुस्तकाला पैसे नसले की लेकींकडे जाऊन दागिना मागायचा, गहाण टाकायचा, पेन्शन हाती आली की सोडवून द्यायचा. लेकींनी दिला, हेही लक्षात ठेवा.

१९०७ साली पोरगा मॅट्रिक झाला, १९१२ साली बी.ए. पुढच्या जानेवारीत बडोद्याच्या नोकरीवर गेला. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याचा निरोप आला. परतताना सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला, तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने घरी पोचला तेव्हा सुभेदारांचे डोळे दाराकडेच लागले होते. तारीख २ फेब्रुवारी १९१३. त्याच दिवशी ते गेले.