फेसातला किडा

पावसाळ्यात बांधावरून जाताना गवताच्या काडीवर पांढरा फेस तुम्ही पाहिला असेल. कुणी थुंकून गेले की काय, असे वाटते. कधी हा फेस झुडपाच्या कोवळ्या फांदीवर असतो. कधी ज्वारीच्या पोंग्यात असतो. मग कुणी म्हणतो, "पिकावर रोग पडला." कुणी म्हणतो, "आजच फवारा मारा." पण हा फेस कुणाचा, तो कशासाठी, हे कुणी विचारीत नाही. आज आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

हा फेस म्हणजे एका किड्याचे घर आहे. काडीने फेस हळूच बाजूला सारा. आत एक लहानसा, मऊ किडा दिसेल. त्याचा रंग बहुधा फिकट पिवळा किंवा हिरवा असतो. त्याला पंख नसतात. हे त्या किड्याचे पिल्लू आहे. त्याची सोंड सुईसारखी असते. ती झाडात खुपसून ते रस पीत असते.

आता फेस होतो कसा? झाडाच्या अंगात दोन वाटा असतात. एका वाटेने मुळांनी घेतलेले पाणी वर चढते. दुसऱ्या वाटेने पानांत तयार झालेला गोड रस सगळ्या झाडाला मिळतो. हे पिल्लू पहिल्या वाटेला तोंड लावते. तिथे जवळजवळ नुसते पाणीच असते. त्यात पोषण ते किती असणार? म्हणून त्याला पाणी पीत राहावे लागते. जादा झालेले पाणी ते मागच्या बाजूने बाहेर टाकते. त्यात अंगातला चिकट पदार्थ मिसळते. मग शेपटाचे टोक बाहेर काढून हवा घेते आणि ती त्या पाण्यात सोडते. साबणाच्या पाण्यात नळी घालून फुंकर मारली, की बुडबुडे येतात ना? तसेच हे. म्हणजे लोक याला थुंकी म्हणतात खरे, पण तोंडाचा याच्याशी काही संबंध नाही, बरं का!

या फेसाचा त्याला मोठा आधार असतो. त्याची कातडी नाजूक असते. उन्हात ते लगेच सुकून जाईल. माठाला ओले फडके गुंडाळावे, तसा हा फेस त्याला गार ठेवतो. शिवाय मुंग्या आणि कोळी यांच्या नजरेपासूनही ते लपून राहते. फेस पुसून टाकलात, तर थोड्या वेळात ते पुन्हा फेस करू लागते.

त्याचा जन्म कसा होतो तेही ऐका. मादी झाडाच्या देठात किंवा पानाच्या आडोशाला अंडी घालते. अंड्यातून पिल्लू निघते आणि रस पिऊ लागते. साप कात टाकतो, तशी हे पिल्लू पाच वेळा कात टाकते. दर वेळी थोडे मोठे होते. पुढे पंखांचे कोंब दिसू लागतात. फुलपाखरासारखे ते कोशात जात नाही. शेवटची कात टाकली, की पंख असलेला पुरा किडा बाहेर येतो. मग त्याला फेस लागत नाही. आता त्याच्याजवळ दुसरे साधन असते. ते म्हणजे उडी.

इंग्रजीत या किड्याला बेडकाच्या उडीवरूनच नाव पडले आहे. युरोपातली याची एक जात जेमतेम ६ मिलिमीटर लांब असते. ती ७० सेंटिमीटर उंच उडते, असे केंब्रिजचे शास्त्रज्ञ माल्कम बरोज यांनी २००३ साली दाखवून दिले. म्हणजे अंगाच्या शंभरपटीहून जास्त! पाच फुटी माणसाने पाचशे फूट उडावे, तसे हे झाले.

तुम्ही म्हणाल, "हे सगळं ठीक, पण आमच्या पिकाचं काय?" तर ऐका. बांधावर चार ठिकाणी फेस दिसला, तर झाडाचे काही बिघडत नाही. कोवळ्या रोपावर फार किडे झाले, तर रोप पिवळे पडते. तेव्हा ते हाताने पुसून काढावेत किंवा पाण्याच्या जोराने धुवावेत.

याचाच एक भाऊबंद मात्र खोडकर आहे. तो म्हणजे आंब्याचा तुडतुडा. तो दुसऱ्या वाटेतला गोड रस पितो. त्याच्या अंगातून पडणारे थेंबही गोड आणि चिकट असतात. त्यांवर काळी बुरशी चढते. मोहोर सुकून गळतो. तिथे उपाय करावाच लागतो. पण तुडतुडा सोडून फेसावर फवारा मारणे, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

विषारी औषधाने पैसा जातोच. कोळी, मधमाशा असे आपले मित्रही मरतात. आणि माणूसही मरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे दगावली. ती तुमच्याआमच्यासारखीच कष्टकरी माणसे होती.

मग फेसातला किडा अगदी निर्दोष म्हणायचा का? तसेही नाही. इटली देशाच्या दक्षिणेला पुलिया नावाचा प्रांत आहे. तिथे ऑलिव्हच्या फळांपासून तेल काढतात. २०१३ साली त्या झाडांवर एक रोग सापडला. त्याचे जंतू झाडाची पाण्याची वाट अडवतात. हे जंतू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणारा कोण? तर हाच किडा. लाखो झाडे वाळली. मग तिथे काय ठरले? वसंतात पिल्ले झाडांखालच्या तणावर फेसात असतात. त्यांना अजून पंख नसतात. तेव्हाच ते तण कापायचे किंवा नांगरून टाकायचे. किड्याचा जन्मक्रम ठाऊक होता, म्हणून ही वेळ साधता आली.

तेव्हा मंडळी, किडा दिसला की आधी तीन गोष्टी विचारा. हा कोण? याचे वय काय? हा नुकसान किती करतो? कळले नाही, तर फांदीसकट गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. फवारणी करावीच लागली, तर डब्यावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचा. डब्यावर चौकोनी खूण असते. तिचा खालचा भाग लाल असला, तर ते विष सर्वांत जहाल समजा. पिवळा, निळा आणि हिरवा हे रंग क्रमाने कमी जहाल विषाचे. पण कमी जहाल असले, तरी ते विषच.

आता तुम्हाला वाचता येते. डबा उघडण्याआधी तो वाचा, एवढेच आमचे सांगणे.