वर्गणीची पेटी आणि पितळी बँड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेसाठी आम्ही जॅझ हा विषय कळवला, तेव्हा कार्यकारिणीत थोडी चलबिचल झाली असे आमच्या कानावर आले. नाट्यसंगीत आहे, संतांचे अभंग आहेत, निदान लावणी तरी आहे; पार्क स्ट्रीटवरच्या हॉटेलांतली ही वाजंत्री मराठी मंडळाच्या व्यासपीठावर कशाला, असा तो प्रश्न. प्रश्न रास्त आहे. तथापि जॅझमधले सूर-ताल आम्ही आज समजावून देणार नाही. तेवढा आमचा अधिकारही नाही. जॅझ वाजवणारी माणसे एकमेकांच्या आजारपणात, म्हातारपणात आणि मरणात कशी उभी राहिली आणि त्यासाठी त्यांनी पैसा कसा उभा केला, एवढेच सांगायचे आहे. पन्नास वर्षे घरोघर वर्गणी मागत आलेल्या मंडळाला हा विषय अगदीच परका वाटू नये.

सुरुवात आपल्याच शहरापासून करू. टेडी वेदरफर्ड नावाचे एक निग्रो पियानोवादक होते. (तेव्हाचा शब्द आम्ही वापरून गेलो, आज त्या समाजाला तो रुचत नाही, म्हणून यापुढे कृष्णवर्णीय म्हणू.) त्यांचा जन्म १९०३ चा. १९१५ ते १९२० ही उमेदीची वर्षे त्यांनी न्यू ऑर्लिन्स शहरात काढली आणि जॅझचा पियानो ते तेथेच शिकले. पुढे शिकागोत नाव मिळवले, १९२६ साली आशियाची वाट धरली, शांघाय गाजवले, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड चालवला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ते कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात येऊन स्थिरावले. गोरे सैनिक, काळे सैनिक, आपल्याकडचे धनिक, सगळे त्यांच्या बोटांवर डोलत. २५ एप्रिल १९४५ रोजी याच शहरात पटकीने त्यांचा अंत झाला. वय अवघे ४१.

परगावी आलेल्या माणसाचे परगावी मरण म्हणजे काय, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना सांगायला नको. आपल्या मंडळाची पहिली वर्गणी गणपतीसाठी निघाली, असे आपण सांगतो. परंतु रात्री-अपरात्री कुणाच्या घरी चार खांदेकरी कोठून आणायचे, या प्रश्नानेही पहिली माणसे एकत्र आली होती, हे जुन्यांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. वेदरफर्ड ज्या शहरात पियानो शिकले, तेथे हाच प्रश्न फार पूर्वी पडला होता. त्याला त्या लोकांनी दिलेल्या उत्तरातून पुढे जे काही निघाले, त्यात जॅझचा मोठा वाटा आहे.

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचे बंदर. गुलामगिरी असतानाही तेथे काही स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबे होती. त्यांच्यातल्या काहींनी १८३६ साली परस्परसाहाय्यासाठी एक सभा स्थापन केली आणि १८५७ साली तिचे सभागृह उभे राहिले. ‘इकॉनॉमी हॉल’ या नावाने ते प्रसिद्धीस आले. गुलामगिरी संपल्यावर अशा सभांचे पेवच फुटले. कारण उघड होते. गोऱ्यांच्या विमा कंपन्या या लोकांना दारात उभ्या करीत नसत, आणि केले तरी जास्त हप्ता घेत. तेव्हा गल्लीतल्या, चर्चमधल्या किंवा एका धंद्यातल्या माणसांनी एकत्र यायचे, पेटी ठेवायची आणि ठरलेली वर्गणी टाकायची. आजारी पडल्यास सभेचा डॉक्टर व औषध, कामावर जाता आले नाही तर थोडी रक्कम, आणि मेल्यावर सन्मानाने दफन. तेथील जमीन पाणथळ असल्याने थडगी बहुधा जमिनीवर बांधतात. अनेक सभांची स्वतःची सामायिक थडगी होती, आणि ज्याला घरची जागा नाही त्याला सभेच्या थडग्यात जागा मिळे. १८८४ साली स्थापन झालेली ‘यंग मेन ऑलिंपियन’ ही अशीच एक सभा. ती आजही रस्त्यावर मिरवणूक काढते.

आता यात बँड कोठून आला? सन्मानाने दफन म्हणजे वाजतगाजत दफन, अशी त्या लोकांची धारणा होती. म्हणून बँडचे पैसेही वर्गणीतूनच दिले जात. घरापासून दफनभूमीपर्यंत बँड संथ चालीत भक्तिगीते वाजवीत जाई. छोट्या ढोलाच्या तारांत रुमाल घालून त्याचा आवाज मुका केलेला असे. दफनाचे विधी उरकले, किंवा शववाहिका पुढे निघून गेली, की ‘देह मोकळा केला’ असे ते म्हणत. मग ढोलकरी रुमाल काढून टाकी आणि तोच बँड दुडक्या, नाचऱ्या चालीवर परत फिरे. कुटुंब, सभासद आणि बँड ही पहिली रांग. त्यांच्यामागून छत्र्या आणि रुमाल नाचवीत येणारे वाटसरू, शेजारी आणि पोरेटोरे ही दुसरी रांग. ‘सेकंड लाइन’ हा जॅझमधला सुप्रसिद्ध शब्द येथून आला.

आपल्याकडे वारकऱ्याच्या अंत्ययात्रेपुढे टाळमृदंग असतात, भजनी मंडळ अभंग म्हणत चालते. त्यामुळे मरणाला संगीत लावणे आपल्याला चमत्कारिक वाटू नये. परतताना नाचणे मात्र आपल्याला झेपणार नाही, हे आम्ही मोकळेपणी कबूल करतो.

त्या दुसऱ्या रांगेत धावणाऱ्या पोरांपैकी एक लुई आर्मस्ट्राँग. १९०१ साली जन्मलेला हा मुलगा अत्यंत गरिबीत वाढला, सुधारगृहात गेला, आणि तेथेच त्याच्या हाती कॉर्नेट आले. ज्या पितळी बँडांमागून तो धावत असे त्यांपैकी ‘टक्सीडो’ बँडमध्ये पुढे त्याला जागा मिळाली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये किंग ऑलिव्हरचा निरोप आला आणि तो शिकागोला निघाला. त्याच्याच आठवणीप्रमाणे, निघण्याच्या दिवशीही तो एका अंत्ययात्रेत वाजवून आला होता. पुढे सारे जग त्याच्यापुढे झुकले. परंतु १९४९ साली ‘झुलू’ या त्याच्या गावच्या सभेने आपल्या उत्सवातील राजाचा मान त्याला दिला, तेव्हा त्याला झालेला आनंद निराळाच होता. ही सभाही वर्गणीचीच, मेलेल्या सभासदाला पोचवणारी.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, त्या शहरात आधी संगीत आणि मग त्याला चिकटवलेला धर्मादाय, असा क्रम नव्हता. पेटी आधी होती. पेटीने वादकाला काम दिले, रस्ता दिला, श्रोते दिले. आणि वादकही बहुधा कुठल्या ना कुठल्या पेटीचा सभासद असे. त्याला मिळे तो हक्क, उपकार नव्हे.

विमा, सरकारी दवाखाने आणि पेन्शन आल्यावर विसाव्या शतकात या सभा क्षीण झाल्या. इकॉनॉमी हॉलही १९६५ च्या वादळानंतर गेला. जुने वादक मागे उरले, म्हातारे आणि बेकार. १९६१ साली एका जुन्या चित्रदालनात ‘प्रिझर्व्हेशन हॉल’ सुरू झाला, तो त्यांना पुन्हा वाजवता यावे म्हणून. तेथे मद्य नाही, थाटमाट नाही, बाकांवर दाटीवाटीने बसायचे. फर्माईश करायची तर पैसे मोजायचे, आणि सर्वांत जास्त दर सर्वांत लोकप्रिय गाण्याला! वादकांना त्याचा कंटाळा आला होता, हे त्यामागचे कारण आम्हांला फार आवडले. आपल्याकडच्या गायकांनीही काही भैरव्यांना असा दर लावायला हरकत नाही.

१९७० साली जॅझ महोत्सव सुरू झाला. पहिल्या वर्षी श्रोते वादकांहून फारसे अधिक नव्हते. आज तेथे लाखोंची जत्रा भरते. त्याचे वर्णन करीत बसत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, महोत्सव एका ना-नफा प्रतिष्ठानाच्या मालकीचा आहे आणि त्याच्या उत्पन्नातून मुलांची विनामूल्य संगीतशाळा व इतर कामे चालतात. १९९८ साली खास वादकांसाठी दवाखाना निघाला. रात्री दोनपर्यंत वाजवणाऱ्या, रोख बिदागीवर जगणाऱ्या माणसाला ऐपतीप्रमाणे शुल्क घेऊन तपासणारा दवाखाना, हे जुन्या सभेच्या डॉक्टराचेच नवे रूप होय.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ आले, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वादक देशभर पांगले. कित्येकांची वाद्ये गेली, घरे गेली. तीनच आठवड्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, न्यू ऑर्लिन्सचेच सुपुत्र विंटन मार्सालिस यांनी न्यूयॉर्कमध्ये मदतीची मोठी मैफल घडवली. पुढे त्यांचे बंधू ब्रॅनफर्ड आणि गायक हॅरी कॉनिक यांच्या पुढाकाराने घरबांधणी करणाऱ्या एका सेवाभावी संस्थेने ‘संगीतकारांचे गाव’ उभारले. ७२ घरे, घर घेणाऱ्याने स्वतः श्रमदान करायचे आणि कर्ज हप्त्याहप्त्याने फेडायचे. पण येथे एक अडचण आली. वादकांचे अर्ज अडू लागले, कारण त्यांच्याजवळ पगाराचा कागद नव्हता. आयुष्यभर रोज रात्री वाजवलेले होते, शहराचे नाव जगात केलेले होते, आणि बँकेच्या दृष्टीने त्यांना उत्पन्नच नव्हते! ती अडचण हळूहळू सोडवावी लागली. त्या गावाच्या मधोमध मार्सालिस बंधूंचे वडील एलिस यांच्या नावाचे संगीतकेंद्र २०११ साली उघडले. दवाखान्याच्या मंडळींनी तर वादळानंतर आणखी एक शहाणपण दाखवले. वादकांना नुसती मदत न देता, ज्यांना बिदागी देणे शक्य नव्हते अशा ठिकाणी त्यांनी त्यांना वाजवायला लावले आणि बिदागी स्वतःच्या निधीतून दिली.

एलिस मार्सालिस १ एप्रिल २०२० रोजी करोनाच्या साथीत गेले. ज्या शहरात हजारो माणसे त्यांच्यामागून चालली असती, तेथे त्या दिवसांत दुसऱ्या रांगेला परवानगी नव्हती.

आपल्याकडे काही कमी नव्हते. मुंबईच्या धोबी तलावावर गोवेकरांची ‘कूड’ असे. एका गावच्या माणसांनी वर्गणीने चालवलेली ती जागा. ट्रंक ठेवायला कोपरा, वेदीपुढे सायंप्रार्थना, अडीअडचणीला हात. बोटीवरच्या खलाशांप्रमाणे हॉटेलांतले जॅझवादकही तेथे राहत. चिक चॉकलेट हे त्या गोवेकर वादकांतले अग्रणी. चितळकर रामचंद्रांच्या ‘अलबेला’ने १९५१ साली मराठी घराघरांत जो ठेका पोचवला, त्यात या माणसाचा हात होता, म्हणजे जॅझ आपण ऐकलेले आहे, नाव ठाऊक नव्हते इतकेच. आणि मदतीचा प्रयोग म्हणाल, तर ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमाना’हून मोठे उदाहरण कोणते? टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले. परंतु त्याच बालगंधर्वांचे उतारवय कोणत्या हलाखीत गेले, तेही आपण जाणतो. फंडाला देणारा हात आपण पाहिला. त्या हातासाठी पेटी ठेवली नाही.

आता जे बोलायचे ते आमच्याविषयी आहे. या मंडळाच्या गणेशोत्सवात आणि नाटकांत अनेक वर्षे एक तबलजी साथ करीत. नाव घेत नाही. जुन्या सभासदांना ते आठवतील. दर वर्षी आम्ही त्यांना नारळ, शाल आणि एक पाकीट देत असू. एका वर्षी ते आले नाहीत. आम्ही दुसरा तबलजी पाहिला. ते सात महिने अंथरुणाला खिळून होते, हे आम्हांला ते गेल्यानंतर कळले. मग आम्ही शोकसभा घेतली, ठराव केला, काही रक्कम जमवून घरी नेली. त्यांच्या पत्नींनी ती हाती घेतली नाही. म्हणाल्या, “बोलावलं असतंत तर ते बसून वाजवायला आले असते.” त्या सभेत सूत्रसंचालन आम्हीच केले होते.

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची एक सूचना आहे. कलाकार-साहाय्यासाठी एकदा मोठी मैफल करून मोकळे होऊ नये. स्मरणिकेच्या जाहिरातींतून जे शिल्लक राहील त्यात दरसाल वर्गणीची भर घालून एक वेगळे खाते उघडावे. मंडळात गाणारा, वाजवणारा, पडदा ओढणारा, प्रत्येक जण त्याचा सभासद असावा, आणि त्यानेही आपली वर्गणी भरावी, मग ती कितीही लहान असो. आजारपणात पैसे द्यावेत ते अर्ज न मागता. आणि जो आजारी आहे पण वाजवू शकतो, त्याला आधी बोलावणे धाडावे.

चहाच्या टेबलाजवळ वही ठेवली आहे. पहिल्या पानावर त्या तबलजींच्या चिरंजीवांचे नाव आहे. ते आजच्या कार्यक्रमाला साथ करणार आहेत.