रुईचा चीक आणि डोळे

शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या माळा ओवणाऱ्यांची बोटे चिकाने चिकट झालेली असतात. पान खुडले की देठातून पांढरा चीक टपकतोच. या झुडपाचे गुण आणि धोका दोन्ही त्या चिकात आहेत.

आयुर्वेदात रुईला अर्क म्हणतात आणि तिचा चीक उपविषांत मोजतात. शोधन केल्याखेरीज तो औषधात घालायचा नाही, असा दंडक आहे. पाने आणि सैंधव बंद भांड्यात जाळून केलेले अर्कलवण यकृत-प्लीहेच्या विकारांत वैद्य देत आले. घरगुती उपचार त्याहून साधा: पानाला तेल लावायचे, तव्यावर शेकायचे आणि सुजलेल्या गुडघ्यावर बांधायचे. अनेक घरांत आजही ते करतात. ऊब लागते, ठणका कमी वाटतो. मात्र कातडी नाजूक असेल तर चिकाने फोडही येतात.

पोटात घेण्याची गोष्ट अगदी वेगळी. चिकात कॅलोट्रॉपिनसारखी हृदयावर काम करणारी द्रव्ये असतात. डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधाप्रमाणे ती हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियमची देवघेव अडवतात आणि ठोके बिघडतात. आफ्रिकेत हा चीक बाणांच्या विषासाठी वापरला गेला. नारिंगी पंखांच्या काही फुलपाखरांच्या अळ्या मात्र हीच पाने खाऊन वाढतात.

महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींचा शिष्य उपमन्यू भुकेने कासावीस होऊन रुईची पाने खातो, आंधळा होतो आणि विहिरीत पडतो. अश्विनीकुमार त्याला दृष्टी परत देतात. रुईचा आणि दृष्टीचा संबंध इतक्या जुन्या काळी लोकांच्या ध्यानात आला होता, याचे नवल वाटते. आज नेत्रतज्ज्ञांकडे येतात ते पाने खाल्लेले नव्हेत, तर फुले-पाने तोडताना डोळ्यात चीक गेलेले लोक. चीक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरतो आणि त्याच्या आतल्या थरातील पेशींना इजा करतो. पडदा सुजतो, दिसणे धूसर होते. घात असा, की पुष्कळदा डोळा फारसा दुखत नाही. माणूस गाफील राहतो, उपचाराला उशीर होतो.

म्हणून रुई तोडताना हात डोळ्यांना लावू नका. मुलांना चिकाशी खेळू देऊ नका. चीक उडालाच तर डोळा न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा, घरातले जुने थेंब घालू नका आणि दुखत नसले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.