समाजमाध्यमवाल्यांचा मेळावा आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी संमेलनात माध्यमिक विभागाच्या एका शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



मी दहावीच्या निकालाविषयी किंवा गणिताच्या भीतीविषयी बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु आज मी मुद्दाम वेगळा विषय घेतला आहे. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी समाजमाध्यमांची आवड असलेल्या लोकांचा एक लहानसा मेळावा भरला होता. त्याला मी गेलो होतो. "सर, तुमचं तिथं काय काम?" असे मला मोहल्ल्यातल्या दोघा-चौघांनी विचारले. त्यांना चहाच्या टपरीवर दिलेले उत्तर अपुरे होते. ते पूर्ण उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो.

असे मेळावे आले कुठून, हे आधी पाहू. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क शहरावर हल्ला झाला. त्यानंतरच्या दिवसांत एरवी एकमेकांकडे ढुंकूनही न पाहणारे शेजारी एकमेकांची विचारपूस करू लागले. हे पाहून स्कॉट हाइफरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'मीटअप' नावाची सेवा सुरू केली. संगणकावर एकमेकांना शोधायचे आणि मग गावातच प्रत्यक्ष भेटायचे, अशी ती कल्पना. पुढे २०१० मध्ये 'मॅशेबल' या संस्थेने ३० जून हा समाजमाध्यम दिन म्हणून सुरू केला आणि त्या निमित्ताने अनेक देशांतल्या गावोगावी लोक एकत्र जमू लागले. म्हणजे ज्या यंत्राने माणसे घरात कोंडली असे आपण म्हणतो, त्याच यंत्राचा उपयोग माणसांना घराबाहेर काढून समोरासमोर बसवण्यासाठी झाला. आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. उरूस, जत्रा, आठवडे बाजार यांचे अर्धे काम सौदा आणि अर्धे काम भेटीगाठी हेच होते.

आता मी जे पाहिले ते सांगतो. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली, चाळीसएक माणसे, सतरंजी आणि चहा-बिस्किटे. माझी कल्पना होती की सगळी कॉलेजची पोरे असतील. तसे नव्हते. डाळिंबावरच्या रोगांची माहिती व्हिडिओवरून देणारा एक शेतकरी होता. घरच्या स्वयंपाकाच्या कृती दाखवणाऱ्या दोन गृहिणी होत्या. निवृत्त झालेले एक एस.टी. चालक होते; ते जुन्या घाटरस्त्यांच्या आठवणी लिहितात. मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्यातल्या गावांची माहिती भरणारी एक विद्यार्थिनी होती. हा मराठी ज्ञानकोश १ मे २००३ पासून चालू आहे आणि त्यात आपण कोणीही भर घालू शकतो, हे तिने आम्हाला फळ्यावर लिहून दाखवले.

मला सर्वांत जास्त शिकवून गेली ती ओळख करून देण्याची वेळ. प्रत्येकाने आपले पडद्यावरचे नाव सांगायचे आणि मग खरे नाव. दोन गृहस्थ असे निघाले की ते दोन वर्षे एकमेकांशी लेखी भांडत होते. भाषा अशी की आपण मुलांसमोर वाचू नये. समोर आल्यावर दोघेही गप्प झाले. मग एकाने दुसऱ्याला गाव विचारले. गावे शेजारच्या तालुक्यांतली निघाली, सोयाबीनचा भाव निघाला, पावसाचा विषय निघाला. त्यांची मते बदलली असे मी म्हणणार नाही. ती बदलली नाहीत. पण निघताना दोघांनी एकमेकांना "अहो" म्हटले, आणि पडद्यावर दोन वर्षांत ते एकदाही म्हटले नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, यातून पहिली गोष्ट लक्षात घ्या. पडद्यावर समोरच्याचे वय दिसत नाही, त्याचा थकलेला चेहरा दिसत नाही, त्याच्या घरी आज काय घडले ते दिसत नाही. म्हणून जीभ सुटते. जे वाक्य तुम्ही त्या माणसाच्या ओट्यावर बसून बोलू शकणार नाही, ते वाक्य अंगठ्याने लिहूही नका. एवढा एक नियम पाळलात तरी निम्मी भांडणे संपतील.

दुसरी गोष्ट कमाईची. वर्गात दहा मुलांना विचारले, मोठेपणी काय व्हायचे, तर आता दोघे-तिघे "यूट्यूबर" असे सांगतात. मी त्यांना हसत नाही. यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, यांचे वडील मूळचे बांगलादेशचे. त्या जागेवर चढवलेला पहिला व्हिडिओ त्यांचाच. २३ एप्रिल २००५ रोजीचा, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून घेतलेला, अवघ्या १९ सेकंदांचा. पण त्यामागे संगणकशास्त्राचा अभ्यास होता, हे आपण विसरतो. आता हिशेब पाहा. यूट्यूबवर नेहमीच्या व्हिडिओंतून जाहिरातीच्या उत्पन्नाचा वाटा मिळण्यासाठी १,००० वर्गणीदार लागतात आणि १२ महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ ४,००० तास पाहावे लागतात. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एक माणूस चार मिनिटे पाहतो असे धरले, तर ६०,००० वेळा कोणीतरी तुमचे काम उघडले पाहिजे. तेव्हा कुठे दार उघडते. दाराच्या आत किती मिळेल हा पुढचा प्रश्न. शिवाय १८ वर्षांखालील मुलाला हे पैसे पालकाच्या खात्यामार्फतच घ्यावे लागतात. डाळिंबाच्या त्या शेतकऱ्याने मला सांगितले, "सर, मला लोक बघतात ते माझ्या कॅमेऱ्यासाठी नाही, माझ्या वीस वर्षांच्या बागेसाठी." हे वाक्य वहीत लिहून ठेवा. आधी बाग, मग कॅमेरा.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती माणसे भिक्षेकरी होती, भटक्या समाजातली, सोलापूर जिल्ह्याकडून पोटासाठी आलेली. मुले पळवणाऱ्यांविषयीचे खोटे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, फार वेळा फिरलेल्या संदेशासाठी ती मर्यादा एकावर आणली. कंपनीने बोटाला लगाम घातला; मनाला लगाम घालणे आपल्याच हाती आहे. ज्या परंपरेत हदीस जमवणाऱ्यांनी एकेका कथनासाठी "हे तुम्हाला कोणी सांगितले, आणि त्यांना कोणी?" अशी साखळी शेवटपर्यंत तपासली, त्या परंपरेतल्या लोकांना पडताळणी म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. संदेश आला की तीन प्रश्न विचारा. मूळ सांगणारा कोण? तारीख कोणती? दुसऱ्या जबाबदार ठिकाणी ही बातमी आहे काय? तिन्हींची उत्तरे मिळत नसतील तर तो संदेश तुमच्या मोबाईलमध्येच थांबू द्या.

पालकहो, आता थोडे आपल्याशी. मोबाईलची भीती आपल्याला वाटते आणि ती निराधार नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांचे स्वतःचे नियमच १३ वर्षांखालील मुलांना खाते उघडू देत नाहीत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून, त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद केली आहे. म्हणजे संमती देणारे आपण आहोत. परंतु जी गोष्ट आपण कधी उघडून पाहिली नाही, तिला संमती कशी देणार आणि नकार तरी कशाच्या आधारावर देणार?

आणि आपल्या घरांत ही भीती सारखी वाटली जात नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. नववीतल्या मुलाच्या हाती मोबाईल असतो, रात्री बारापर्यंत असतो, त्याला कोणी विचारत नाही. त्याच घरातल्या दहावीतल्या मुलीच्या हातून मोबाईल काढून घेतला जातो आणि त्याला आपण खबरदारी म्हणतो. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा संदेश तिच्या भावाच्या मोबाईलवर आला. भाऊ खेळात होता. संदेश चार दिवस तसाच पडून राहिला आणि मुदत संपली. वर्षभराची फी त्या चार दिवसांत गेली. तिचे अब्बा माझ्याकडे आले तेव्हा ते रागावले नव्हते; खाली मान घालून बसले होते. मी त्यांना दोष देत नाही. मी एवढेच म्हणतो की आज प्रवेशाची यादी, परीक्षेचे प्रवेशपत्र आणि नोकरीची जाहिरात याच पडद्यावर येते. तो मुलीपासून तोडणे म्हणजे तिचे दप्तर काढून घेण्यासारखे आहे. नियम करा, पण भावाला आणि बहिणीला एकच करा.

मग नियम कोणते? मेळाव्यातल्या अनुभवी मंडळींनी जे सांगितले ते मी आपल्या घरांना लागू करून सांगतो. पडद्यावरच्या ओळखीच्या माणसाला पहिल्यांदा भेटायचे तर दिवसा, चारचौघांच्या जागी, गटाने आणि घरी सांगूनच. विद्यार्थ्याने घरातले मोठे माणूस बरोबर नेलेच पाहिजे. जो माणूस "एकटीच ये" किंवा "घरी सांगू नकोस" म्हणतो, त्याची परीक्षा त्याच वाक्यात झाली. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय लावायचा नाही. ओ.टी.पी. आणि पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही, मित्रालाही नाही. पैशांची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड. आणि मुलांनो, कोणी तुमचा फोटो दाखवून धमकावले तर गप्प बसू नका. आई-वडिलांना सांगा, सांगवत नसेल तर शिक्षकांना सांगा. आई-वडिलांनो, मूल असे सांगायला आले तर पहिला शब्द रागाचा येऊ देऊ नका. तो शब्द ऐकलेले मूल दुसऱ्यांदा येत नाही, आणि धमकावणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

शेवटी एक सूचना मांडतो. असा मेळावा आपल्या शाळेत का भरू नये? तीन महिन्यांतून एक रविवार, सकाळी दहा ते एक. आपले माजी विद्यार्थी येतील. कोणी शिवणकाम दाखवील, कोणी मोटार दुरुस्ती, कोणी गणित सोपे करून सांगेल. मुले पालकांना अर्ज भरायला शिकवतील. आखातात मुलगा असलेल्या आजींना व्हिडिओवर नातवाशी बोलायला आपलीच एखादी मुलगी शिकवील. आणि महिन्याभरात मोहल्ल्यात फिरलेले दोन संदेश फळ्यावर लिहून आपण सर्व मिळून खरे-खोटे करू. खर्च म्हणाल तर चहाचा. खोल्या आहेत, फळा आहे, मोबाईल तर घराघरात आहेत. फक्त एक अट असावी: मुलगा येईल त्या घरातली मुलगीही येईल, आणि दोघांबरोबर आई किंवा वडील येतील.

मेळाव्याला जाण्यापूर्वी मला वाटत होते की तिथे यंत्राविषयी ऐकायला मिळेल. तिथे माणसांविषयी ऐकायला मिळाले. मोबाईल आपल्या घरात आलाच आहे. तो आता परत जाणार नाही. त्याच्या शेजारी आपण बसायचे, की मुलांना त्याच्याजवळ एकटे सोडायचे, एवढेच ठरवायचे बाकी आहे. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी या सूचनेचा विचार करावा अशी नम्र विनंती करतो. पहिल्या रविवारी फळा पुसून ठेवण्याचे काम माझ्याकडे लागले.