जुना मेकॅनो घासू नका, पुसा



नांदेड-लातूरकडे आपण पितळ चिंचेने लखलखीत करतो. पण जुना मेकॅनो तसा घासू नये. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली पेटंट घेतलेला हा खेळ १९२६ पासून रंगीत झाला. जुन्या रंगात शिसे असू शकते. पॉलिशपेपरने त्याची भुकटी उडते, लेकरांच्या पोटात जाते आणि बुद्धीला अपाय करते. चिंचेने पत्रा गंजतो.

म्हणून साबणाच्या पाण्यात फडके पिळून पट्ट्या पुसाव्यात, लगेच कोरड्या कराव्यात. नटबोल्टांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरे. हात धुवावेत, ते फडके स्वयंपाकघरात आणू नये.

आमच्याकडे सासऱ्यांचा संच आहे. त्याचे पोपडे सुटतात, म्हणून तो कपाटात काचेआड ठेवला आहे. नातू हट्ट करतो, तरी मी देत नाही. आठवण जपावी, पण आधी लेकरू.