ओके : एका थट्टेची पावणेदोन शतकांची वाटचाल



दिवसातून किती वेळा आपण 'ओके' म्हणतो, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. या दोन अक्षरांचा छापील जन्म मात्र तारखेसकट सांगता येतो. २३ मार्च १८३९, अमेरिकेतलं बोस्टन शहर. 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'चे संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका वृत्तपत्राच्या संपादकाला चिमटा काढला. विषय किरकोळ होता. 'अँटी बेल रिंगिंग सोसायटी' अशा गमतीदार नावाच्या मंडळींचा दौरा. त्या मजकुरात 'ओ. के.' अशी अक्षरं आली आणि लगेच पुढे खुलासा होता : ऑल करेक्ट, म्हणजे सगळं बरोबर.

आता 'ऑल'चं पहिलं अक्षर ए आणि 'करेक्ट'चं सी. दोन्ही चुकलेली! पण ही चूक मुद्दामच केलेली होती. त्या काळी बोस्टनच्या वर्तमानपत्रांत एक टूम निघाली होती : शब्द आधी अडाण्यासारखा लिहायचा, मग त्याची आद्याक्षरं घ्यायची. 'ऑल राइट'चं ओ. डब्ल्यू. झालं, 'नो यूज'चं के. वाय. झालं. चार दिवस लोक हसले आणि ही सारी भावंडं विसरली गेली. ओके तेवढं तगलं.

याचं श्रेय निवडणुकीला द्यावं लागतं. १८४० साली अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहुक, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहुक'. आद्याक्षरं आयती जुळली. समर्थकांनी ओके क्लब काढले. विरोधकही गप्प बसले नाहीत. त्यांनी वावडी उठवली, की व्हॅन ब्युरेन यांचे गुरू, माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्ध लिहिता येत नाही, आणि कागदपत्रांवर 'ओके' लिहून मंजुरी द्यायची सवय त्यांचीच. व्हॅन ब्युरेन निवडणूक हरले, पण दोन्ही बाजूंच्या तोंडी बसलेला शब्द जिंकला. पुढे तारयंत्र आलं. तारमास्तरला निरोप पोचल्याची खूण द्यायला याहून आटोपशीर काय मिळणार?

जॅक्सनची ती वावडी मात्र पुढे इतिहास म्हणून खपली. तिच्या जोडीला आणखी कथा आल्या. कोणी ग्रीक भाषेकडे बोट दाखवलं, कोणी चोक्टॉ या मूळ अमेरिकी जमातीच्या बोलीकडे. अध्यक्ष वुड्रो विल्सन तर चोक्टॉ उगम मानून 'ओकेह' असंच लिहीत. कोलंबिया विद्यापीठातले ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांची पानं धुंडाळली आणि १९६३-६४ मध्ये लेखमाला लिहून बोस्टनचा पुरावा समोर ठेवला. शब्दाचं मूळ शोधताना गोष्ट किती रंगते यापेक्षा छापील तारीख काय सांगते, हे पाहायचं असतं. रीड यांनी तेच केलं.

हा शब्द टिकला याचं कारण मला त्याच्या कोरडेपणात दिसतं. दिग्दर्शक 'शॉट ओके' म्हणतो तेव्हा अभिनय अप्रतिम झाला, असं तो म्हणत नसतो. काम तपासलं, आता पुढे चला, एवढंच. होकार आहे, पण कौतुकाचं बंधन नाही. कार्यालयात, रुग्णालयात, विमानतळावर अशा होकाराची गरज पावलोपावली पडते.

मराठीने मात्र त्याला तेवढ्यावर सोडलं नाही. आपल्या ट्रकवाल्यांनी तो 'हॉर्न' आणि 'प्लीज'च्या मधोमध रंगवला. २०१५ मध्ये राज्य सरकारने त्या पाटीवर बंदी आणेपर्यंत तो महामार्गांवर राजरोस फिरत होता. २०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याच्या आमदारांचा गुवाहाटीहून झालेला फोन गाजला आणि त्यातलं 'ओक्केमंदी' घरोघरी पोचलं. नुसतं 'ओके' म्हणजे ठीक, चालेल. पण 'क'ला जोर देऊन 'एकदम ओक्के' म्हटलं की फर्स्टक्लास! बोस्टनच्या संपादकाने थट्टेत दिला तो केवळ शेरा होता. त्यात दाद भरली ती आपण.